तुम्ही विचारलंत म्हणून: नवीन पार्टनरबरोबर ब्रिज खेळायला जमतं कसं?

हल्ली हा प्रश्न मला सारखा येतो. माझे जुने पार्टनर, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, ते मागच्या वर्षी मुलीकडे बंगळुरूला राहायला गेले आणि इतकी वर्षं एकत्र खेळल्यावर मी एका २६ वर्षांच्या मुलीबरोबर टूर्नामेंट खेळायला लागले. ती इथे नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे, ब्रिज मोबाईलवर शिकली, मला काकू म्हणते. तर नव्याने शिकणारे विचारतात की काकू, असं अचानक कोणाबरोबर पण कसं जमतं, आधी काय काय ठरवायचं? फोनवर तुकड्यातुकड्यात सांगून झालंय, आज सगळं एकदाच लिहिते.

ज्यांना ब्रिज माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ५२ पानं, चौघं, समोरासमोर बसलेले दोघं पार्टनर. मेंढीकोट खेळला असाल तर हात, हुकूम, उतारी सगळं ओळखीचं वाटेल. फरक बोलीचा. पानं उघडायच्या आधी आपण किती हात करू आणि हुकूम कुठला, हे बोलीतून ठरतं, आणि खेळ सुरू व्हायच्या आधी ती बोली म्हणजे पार्टनरशी बोलायची एकमेव भाषा. स्पर्धेत तीच पानं प्रत्येक टेबलावर फिरतात, त्यामुळे आज पानंच आली नाहीत असं म्हणायची सोय राहत नाही, त्याच पानांवर बाकीच्यांनी काय केलं ते समोर असतं.

आता उत्तर. नवीन पार्टनर मिळाला की बहुतेक लोक आपल्याला येतात ती सगळी कन्व्हेन्शन्स, म्हणजे खास ठरवलेल्या अर्थाच्या बोली, टेबलावर ओततात, तुम्ही हे खेळता का, ते खेळता का, आणि दोन तासांत कार्ड (जे ठरलं ते लिहायचा कागद) गच्च भरून जातं आणि टेबलावर बसल्यावर त्यातलं निम्मं एकाला आठवतं आणि उरलेलं निम्मं दुसऱ्याला. मी आणि तिने कॉलेज रोडला कॉफी पीत अर्ध्या तासात कार्ड केलं. एक नो ट्रंप (बिनहुकमी) म्हणजे मोठ्या पानांचे १५ ते १७ पॉइंट. बदाम किंवा इस्पिक ओपन करायला, म्हणजे त्याने बोली सुरू करायला, पाच पानं. दोनच्या लेव्हलला वीक टू, म्हणजे पॉइंट कमी पण रंग लांब. स्टेमन, ट्रान्सफर, निगेटिव्ह डबल, ही नेहमीची कन्व्हेन्शन्स. स्लॅमसाठी (तेरापैकी बारा किंवा तेरा हात) की कार्ड, म्हणजे एक्के आणि हुकमाचा राजा मिळून किती हे विचारणं, १४३० वालं, म्हणजे उत्तराच्या पहिल्या पायरीवर एक किंवा चार, दुसरीवर तीन किंवा शून्य. (व्हल्नरेबल असताना, म्हणजे ज्या डावात बक्षीस आणि दंड दोन्ही मोठे, बदाम किंवा इस्पिकचा स्मॉल स्लॅम, बारा हात, केला की १४३० मिळतात, म्हणून लक्षात राहतं.) आणि एक नियम मी स्वतः वर मोठ्या अक्षरात लिहिला: जे ठरलेलं नाही ते नॅचरल. बदाम म्हटलं तर बदाम आहेत, बस.

त्यानंतर जेवढा वेळ उरला तो सगळा डिफेन्सला, म्हणजे बोली समोरच्यांची असताना त्यांना अडवायला, दिला, आणि हे मी सगळ्यांना कळकळीने सांगते कारण कोणी करत नाही. हिशोब करा ना, साधारण निम्मे बोर्ड (बोर्ड म्हणजे एक डाव) आपण डिफेन्सला असतो, पाव बोर्ड डमी म्हणून पानं उघडी ठेवून नुसतं बसायचं आणि उरलेल्या पावात डिक्लेरर म्हणून आपण खेळणार. तरी लोक बोलीवर तासन् तास बोलतात आणि लीड, म्हणजे पहिली उतारी, कुठलं, मोठं पान टाकलं तर हे आवडलं म्हणायचं की छोटं टाकलं तर, हे विचारतच नाहीत. आम्ही ठरवलं की लांब रंगातलं वरून चौथं पान लीड, सिक्वेन्स (लागोपाठची पानं) असेल तर वरचं, मोठं पान म्हणजे हाच रंग परत खेळ. आणि याच्यात कधीही बदल करायचा नाही, कितीही हुशारी सुचली तरी.

पहिली मोठी टूर्नामेंट मुंबईला होती, पेअर्स, म्हणजे जोड्यांची. नव्या जोडीने पेअर्सपासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण मॅचपॉइंटला, म्हणजे पेअर्सच्या गुणमोजणीत, प्रत्येक बोर्डाचं वजन सारखं, एकाचं वाटोळं झालं तर ते एकाचंच होतं, टीममध्ये एक मोठा घोळ अख्खी मॅच घेऊन जाऊ शकतो आणि मग समोर दोन टीममेट पण असतात ज्यांना तोंड दाखवायचं असतं.

सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरली, नाशिक रोडपासून इगतपुरीपर्यंत ती मला बोली विचारत होती आणि मी तिला, कसारा घाटात दोघी गप्प बसलो, कल्याणनंतर परत सुरू. मला वाटलं सगळं झालं.

चौथा बोर्ड. आम्ही व्हल्नरेबल. तिने एक नो ट्रंप ओपन केलं, माझ्या उजवीकडच्याने डबल केलं (डबल म्हणजे समोरच्यांच्या बोलीचे गुण-दंड वाढवणं, आणि त्यावर आपण परत वाढवलं की रिडबल). माझ्याकडे पाच इस्पिक आणि बाकी काहीच नाही, एक गुलाम असेल नसेल. मी दोन बदाम म्हटलं, म्हणजे ट्रान्सफर, तू इस्पिक म्हण. सरांबरोबर असंच होतं इतकी वर्षं, डबल पडलं तरी सिस्टीम चालू. तिने शिकलेलं उलटं, मध्ये डबल आलं की सगळं बंद, जे म्हटलं ते खरं. आणि आमच्याच कार्डावर वर लिहिलेलं, जे ठरलेलं नाही ते नॅचरल. तिने पास केलं. सगळ्यांनीच पास केलं, डावीकडच्याने डबलसुद्धा नाही केलं कारण डबल केलं असतं तर आम्ही दुसऱ्या बोलीत पळालो असतो.

डमी खाली आला. चार इस्पिक. बदाम तीन. माझ्याकडे बदाम दोन. म्हणजे दोघींचे मिळून इस्पिक नऊ आणि आम्ही पाच बदामांवर हुकूम बदाम करून बसलो होतो.

डमी खाली आला की थँक यू पार्टनर म्हणायची रीत आहे. मी म्हटलं. नेहमी म्हणते तसंच, त्याच आवाजात, आणि हे मला आतून खूप महत्त्वाचं वाटतं म्हणून लिहिते. तिने नियमाप्रमाणे पास केलं होतं, चूक असलीच तर मी धरून चालले ती. आठ करायचे होते, हात झाले चार, चार डाऊन (चार कमी), समोरच्यांना ४००, आम्हाला बोर्डाला शून्य. ती माझ्याकडे बघत होती, मी पुढचा बोर्ड काढला. त्याबद्दल टेबलावर एक शब्द नाही. चर्चा करायची ती सेशन संपल्यावर, टेबलावर पार्टनरला समजावणं मला अजिबात पटत नाही, मग ते कितीही प्रेमाने असू दे. त्यानंतरचे तीन बोर्ड ते माणूस मागचाच बोर्ड खेळत राहतो.

चेहऱ्याचं अजून एक. जुन्या पार्टनरचं थांबणं, खुर्चीत हलणं, सगळं ओळखायला लागतो आपण, आणि ते वापरायचं नसतं. नियमात बसत नाही आणि मनालाही बरं वाटत नाही. सर आणि मी याबाबतीत फार जपायचो, पण जपावं लागायचं. नव्या पार्टनरबरोबर तो प्रश्नच नाही, जे आहे ते बोलीत आणि पानांत. मला ते फार स्वच्छ वाटलं.

आणि मग अठरावा बोर्ड आला ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. समोरचे तीन नो ट्रंपमध्ये, म्हणजे त्यांना नऊ हात हवे, लीड माझं. इस्पिकची राणी, दश्शी, अठ्ठी, छक्की, दुर्री. वरून चौथं, छक्की. डमीत राजा, गुलाम, तिर्री. डमीतून तिर्री टाकली. तिच्याकडे एक्का, नव्वी आणि सत्ती.

कोणीही एक्का टाकेल. लहानपणापासून हेच ऐकलेलं असतं की तिसऱ्याने मोठं पान मारायचं. ती थांबली, डमीकडे बघितलं, आणि सत्ती टाकली. डिक्लेररने पंजी टाकली आणि हात सत्तीवर आमचा.

हे जादू नाहीये, अकराचा नियम आहे. चौथं पान लीड असेल तर अकरातून ते पान वजा करा, उत्तर येईल तेवढी त्याच्यावरची पानं बाकीच्या तिघांकडे मिळून असतात. अकरातून सहा गेले, पाच. डमीत राजा आणि गुलाम, दोन. तिच्या हातात एक्का, नव्वी, सत्ती, तीन. झाली पाच. म्हणजे डिक्लेररकडे छक्कीच्या वर एकही पान नाही, सत्ती पुरे. मग तिने एक्का वाजवला, वर गुलाम पडला, नव्वी खेळली ती राजाने गेली, आणि चौकटचा एक्का घेऊन मी हातात आले तेव्हा माझी राणी आणि दश्शी दोन्ही चांगल्या झालेल्या. पाच हात, एक डाऊन. आधी एक्का टाकला असता तर डमीतला गुलाम आणि राजा दोन्ही हात घेऊन गेले असते आणि माझे इस्पिक जागेवर मेले असते, कारण त्या चौकटच्या एक्क्याशिवाय मला परत हातात यायला काही नव्हतं.

गणित तर कोणीही शिकेल. पण ते गणित चालायला माझी छक्की खरंच चौथी असायला हवी ना. ज्या बाईने तासाभरापूर्वी तिला पाच बदामांवर बसवलं होतं तिच्या एका छक्कीवर विश्वास ठेवून तिने एक्का हातात ठेवला. मला त्या क्षणी भरून आलं, खरंच. म्हणून जो विचारतो त्याला मी सांगते, पार्टनरला कोड्यात टाकू नका. थोडंच ठरवा आणि जे ठरवलंय ते दर वेळी तसंच खेळा, समोरच्याला फसवायला म्हणून चौथ्याऐवजी पाचवं पान लीड केलंत तर डिक्लेरर फसेल न फसेल, पार्टनर नक्की फसेल.

नंबर काही आला नाही, मधल्या कुठेतरी होतो. परतीच्या पंचवटीत जागा मिळाली, दादर गेल्यावर मी तिला म्हटलं, चौथा बोर्ड. ती म्हणाली, काकू मी तुमच्यासारखं खेळायला तयार आहे. मी म्हटलं तू म्हणतेस त्यात पण अर्थ आहे, दोन्ही बघू, आणि मग आम्ही खरंच दोन्ही बाजू मांडून शेवटी ठरवलं की डबल पडलं तर सगळं चालू आणि मध्ये बोली आली तर बंद. तिने पर्समधून कार्ड काढलं आणि पेन्सिलने त्या मोठ्या अक्षरांच्या खाली लिहिलं. लिहून झाल्यावर पेन्सिल तशीच धरून म्हणाली, आणि काकू, तुम्ही रिडबल केलंत तर?

कल्याण यायचं होतं अजून. मी माझा चष्मा काढला आणि म्हटलं, चल, रिडबलपासून.