हापूसचं कोय कलम: मी कसं बांधतो

हापूसचा बाठा पेरला तर हापूस मिळेलच याची खात्री नसते. परागीकरणात शेजारच्या रायवळाचा, म्हणजे बाठ्यापासून वाढलेल्या गावठी आंब्याचा, अंश त्यात आलेला असतो. म्हणून कलम. आणि पावसाळी दमट हवेमुळे कोकणात घरच्या घरी सहज जमतं ते कोय कलम, म्हणजे बाठ्यातून नुकत्याच उगवलेल्या रोपावर हापूसची काडी बांधणं. बांधणं पटकन येतं. चुकतं ते काडी आणि रोप यांची वेळ जुळवण्यात.

आधी काडीची तयारी. चांगलं धरणाऱ्या झाडाची तीन-चार महिने जुनी, पेन्सिलीएवढी फांदी निवडतो. झाडावर असतानाच तिची पानं कापायची, देठ मात्र ठेवायचे. आठ-दहा दिवसांनी देठ नुसत्या बोटाने गळतात आणि शेंड्याचा डोळा फुगतो. तेव्हाच काडी कापायची. डोळा उमलून पालवी दिसू लागलेली काडी घेऊ नये. सांधा जुळण्याआधीच कोवळी पानं पाणी मागतात आणि काडी सुकते.

खुंटासाठी, म्हणजे ज्यावर काडी बांधायची त्या खालच्या रोपासाठी, रायवळाचे ताजे बाठे. पाण्यात टाकून तरंगतील ते फेकायचे, उरलेले लगेच गादीवाफ्यावर (मातीच्या उंच वाफ्यावर) पेरायचे, कारण बाठा वाळला की उगवत नाही. कोंब वर येऊन पानं तांबूस असतात, दांडा मऊ असतो, तेवढ्यातच कलम बांधायचं. साधारण दहा ते पंधरा दिवसांचं रोप. 'जरा जाड होऊ दे' म्हणणारे बरेच भेटतात, पण दांडा हिरवा, कडक झाला की खाच घेताना चिरतो.

रोप बाठ्यासकट उपटायचं. बाठा तुटू द्यायचा नाही, रोपाची शिदोरी त्यातच असते. मुळं धुऊन बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवतो. बाठ्यापासून सहा-सात सेंटीमीटरवर शेंडा उडवून दांड्यात मधोमध तीन-चार सेंटीमीटर उभी खाच. दहा-पंधरा सेंटीमीटरच्या काडीला खालून तेवढीच पाचर, दोन्ही बाजूंनी, शक्यतो एकेका कापात. ब्लेड नवीन हवं. काडी दांड्यापेक्षा जाड असेल तर मधोमध बसवू नका. एका बाजूची साल सालीला तंतोतंत भिडू दे. मग दोन सेंटीमीटर रुंद प्लॅस्टिकची पट्टी खालून वर, घट्ट. चिकाचे हात तोंडाला लावू नका, कातडी पोळते.

माती आणि कुजलेलं शेणखत भरलेल्या पिशवीत बाठा झाकेल असं लावून कलम सावलीत, थेट पागोळी पडणार नाही अशा जागी ठेवायचं. पिशवीला खालून भोकं हवीतच. पाणी तुंबलं की बाठा कुजतो आणि वरची काडी हिरवी असतानाच कलम जातं. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटतो. सांध्याखाली आलेला फुटवा मात्र रायवळाचा, तो दिसेल तेव्हा खुडायचा. सांधा पक्का झाला की पट्टी उभी कापून काढायची, नाहीतर खोड वाढताना तिथेच आवळलं जातं. पुढच्या जूनमध्ये जमिनीत लावताना सांधा मातीच्या वर राहील असं बघतो.