आमची वाटचाल : ‘आणि एकदा फॉरमॅट?’

एप्रिल 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज एक्सपीचे अपडेट बंद केले आणि बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या एका गाळ्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाला बरकत आली. जुन्या मशीनला नवं विंडोज झेपत नव्हतं, आम्ही विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी सिस्टिम घालून द्यायचो. मी आणि मावसभाऊ, दोघंच. खानापूर ते निपाणी मोटारसायकलवर फिरायचो. दुखणं कुठलंही असो, औषध एकच, फॉरमॅट, म्हणजे सगळं पुसून नव्यानं घालायचं.

ती खोड उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोडली. बिलाच्या प्रोग्रॅमची डेटाबेस सर्व्हिस, म्हणजे माहिती सांभाळणारा मागे चालणारा प्रोग्रॅम, सारखी बंद पडायची. आम्ही डेटाबेस काढून परत घातला. मग उबुंटू, म्हणजे त्यावरची लिनक्सच, नव्यानं टाकली. तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन, “मत्ते अदे, री! (परत तेच हो!) आता आणि एकदा फॉरमॅट काय?” लाज वाटली.

त्या दिवशी रीस्टार्ट न मारता बसलो. सर्व्हिसची हालत सांगणारी सिस्टिमसीटीएल ही कमांड नुसतं ‘फेल्ड’ म्हणत होती. सर्व्हिस हातानं सुरू केली, तर फाइलीत लिहिताच येत नाही म्हणाली. कारण सापडलं डीमेसगमध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत. डिस्कशी संपर्क तुटत होता, पुन्हा जुळत होता, शेवटी कर्नलनं फाइलसिस्टिम (डिस्कवरची फाइलींची मांडणी) फक्त वाचण्यापुरती करून टाकली होती. चूक दिसली की तसंच करायचं, अशी सूचनाच उबुंटू डिस्कच्या मुख्य भागासाठी देऊन ठेवते. आणि डिस्कवर लिहिणंच बंद, म्हणजे हा पुरावा फक्त मेमरीत. याआधी प्रत्येक वेळी गेल्या गेल्या रीस्टार्ट मारून आम्हीच तो पुसत होतो!

डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएल या कमांडमध्ये 5 आणि 197 नंबरच्या ओळींतले खराब सेक्टरचे (डिस्कवरच्या खराब जागांचे) दोन्ही आकडे शून्य. 199 नंबरचा मात्र वाढलेला. तो वाढला की डेटा वाटेत बिघडतोय असं समजायचं, आणि बहुतेकदा दोष केबलचा निघतो. कॅबिनेट फेटलिंगच्या (ओतीव माल घासून साफ करायच्या) शेडच्या भिंतीला टेकवलेलं, हादऱ्यानं डिस्क जोडणारी साटा केबल ढिली, वर लोखंडाची भुकटी. केबल बदलली, टेबल हलवलं. 199 चा आकडा दुरुस्तीनंतर खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. म्हणून मार्करनं कॅबिनेटवर लिहून ठेवला, 312.

त्यानंतर फॉरमॅटचे पैसे घेणं कमी झालं, बघण्याचे घ्यायला लागलो. यावरून घासाघीस अजून होते, “नुसतं वाचायचे कसले पैसे हो?” निपाणीत एका तंबाखू व्यापाऱ्यांचं मशीन रोज सकाळी दीड मिनिट अडून राहायचं. काढून टाकलेल्या जुन्या डिस्कची ओळ एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत, तशीच होती, मशीन सुरू करणारा सिस्टिमडी त्या डिस्कची 90 सेकंद वाट बघायचा. ओळ काढायला दोन मिनिटं लागली, पण ती शोधायचे पैसे त्यांनी दिले, कुरकुरत का होईना.

आता आम्ही चौघं आहोत. नव्या पोरांना पहिल्या दिवशी एकच सांगतो, गिऱ्हाइकाचा फोन आला की आधी म्हणायचं, “बंद करू नका हं, आम्ही येईपर्यंत तसंच राहू दे की.”

फाउंड्रीतलं ते मशीन अजून चालतंय. मार्कर पुसट झालाय, आकडा 312 च आहे.