रंगवलेले डबे

फोटोचं काम एका ओळीत आलं होतं: सुगीचा मका, मागे मालगाडी, सगळं स्वच्छ. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका शेतकरी सहकारी संस्थेचं कॅलेंडर. छापून देणारी एजन्सी मात्र शहरातली. ‘स्वच्छ’ म्हणजे काय, ते नंतर कळलं.

मी आयोवातल्याच ग्रिनेल आणि ब्रुकलिन या गावांमधला पट्टा निवडला. तिथून आयोवा इंटरस्टेट ही रेल्वे जाते. जुनी रॉक आयलंड रेल्वे ३१ मार्च १९८० ला बंद पडली आणि तिच्या रुळांवर १९८४ साली ही लहान कंपनी उभी राहिली. तिचा धंदा चालतो तो बराचसा मका आणि मक्यापासून केलेलं इथेनॉल वाहून नेण्यावर.

मालगाडीचं वेळापत्रक जाहीर नसतं. रेल्वेचं आपसातलं बोलणं ऐकवणारा रेडिओ स्कॅनर लावून बसायचं. डिस्पॅचर, म्हणजे गाड्यांचा नियंत्रक, कुठून कुठपर्यंत जायचं ते सांगतो, गाडीवरचा माणूस ते शब्दन् शब्द परत वाचून दाखवतो. त्यावरून आपण अंतर मोजायचं. रूळ पूर्व-पश्चिम आणि ऑक्टोबरात सूर्य दक्षिणेला कललेला, म्हणजे उभं दक्षिणेलाच राहायचं. सकाळी पूर्वेकडे जाणारीच गाडी हवी, तरच इंजिनाच्या तोंडावर ऊन येतं. पश्चिमेकडे जाणारी आली तर हात खिशात. उभं राहायचं ते सार्वजनिक रस्त्यावर. काही हौशी मंडळी रुळांच्या मधोमध ट्रायपॉड लावतात आणि मग आम्हा सगळ्यांकडेच लोक संशयाने बघतात.

त्या दिवशी वारा उत्तरेचा. हार्वेस्टर माझ्या आणि रुळांच्या मध्ये चाललेला, त्यामुळे मक्याचा सगळा भुसा थेट लेन्सवर. तो शेताच्या टोकाला वळून परत येईपर्यंत गाडी निघून जाणार, अशीच भीती होती. पण शिट्टी ऐकू आली, दोन लांब, एक आखूड, एक लांब, तेव्हा हार्वेस्टर नेमका माझ्याकडे तोंड करून येत होता. काळं इंजिन, लाल पट्टा. त्यामागे वाळू भरलेला एक डबा: ज्वलनशील माल आणि इंजिन यांच्यात अंतर राखायला तो नियमानेच लागतो. मग लाल पाटीवर १९८७ हा मालाचा सांकेतिक आकडा लिहिलेल्या इथेनॉलच्या टाक्या आणि शेवटी धान्याचे डबे, एकेकात साधारण १०० टन मका मावणारे. बरोब्बर हार्वेस्टरच्या मागे आले ते हेच. चौकट जमली होती, हे मी स्वतःच सांगते.

एजन्सीचं उत्तर आलं: डब्यांवरची ग्राफिटी पुसा. आणि डब्याच्या बाजूला लिहिलेली मालकाची अक्षरं-नंबरही पुसा, ती ‘आपली’ नाहीत.

अक्षरं आपली नव्हती हे खरं. शेवटी एक्स असलेली खूण म्हणजे डबा रेल्वे कंपनीचाही नाही, दुसऱ्याच कुणाच्या मालकीचा, बहुधा भाड्याने दिलेला. ‘आपल्या’ गाडीत आपलं असतं ते फक्त धान्य. ग्राफिटीचं मला फार कौतुक आहे असंही नाही. पण मुरलेले रंगवणारे डब्याचा नंबर झाकत नाहीत, कारण तो झाकला की त्यावर पुन्हा रंग मारला जातो. कुठल्याशा शहराच्या यार्डात रात्री चोरून रंगवणाऱ्या पोरांनी जे जपलं, ते ऑफिसात बसलेल्या माणसाला घाण वाटलं.

मी नाही म्हटलं. त्यांनी दुसऱ्याकडून पुसून घेतलं आणि पैसे पूर्ण दिले, त्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही.

जानेवारीत संस्थेच्या धान्य कोठारावर गेले तर कॅलेंडर भिंतीवर होतं. गाड्या भरणाऱ्या गृहस्थांनी चष्मा वर सरकवून ते पाहिलं आणि विचारलं, “हे डबे कुठले हो? नंबरच नाहीत. मी भरू कसे?” ते हसले. मला नीटसं हसू आलं नाही, कारण खाली माझं नाव छापलं होतं.

आता त्याच एजन्सीने वसंतातल्या पेरणीचे फोटो मागितलेत. दरपत्रकात मी एक ओळ वाढवली आहे: डब्यावर जे असेल ते राहील, नाहीतर माझं नाव छापू नये. अजून उत्तर नाही.