ढोरवाट

हरिश्चंद्रगडाच्या पठारावरच्या ओढ्याशी थांबून मी ट्रेकची माणसं मोजली. १७ भरली. परत मोजली, या वेळी प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून. १७च. पायथ्याच्या खिरेश्वरातून निघालो तेव्हा १९ होती.

माझा सहकारी सगळ्यांच्या मागे चालत होता. कातळटप्प्यावर एका ताईंच्या पायात गोळा आला होता, म्हणून तो त्यांच्यासोबत सावकाश आला. मोजलेल्यांत ती दोघंही आली होती, आणि म्हणूनच मला धडकी भरली. शेवटचा माणूस पोचला म्हणजे मागे वाटेवर कुणी नाही. एक वडील आणि त्यांची आठवीतली मुलगी, दोघं मधल्या मधेच कुठेतरी वाट सोडून गेले होते.

ट्रेक लीडर म्हणून मी नऊ वर्षं काम करतो आहे. हरिश्चंद्रगडाच्या वाटांबद्दल लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, की सोपी कोणती? सोपी पाचनईची. कड्याच्या पोटातून, ओढ्याच्या कडेकडेने दोन-अडीच तासांत माणूस देवळाशी पोचतो. बेलपाड्याहून कोकणकड्याच्या बाजूने चढणारी नळीची वाट पावसाळ्यात मी कुणालाच सांगत नाही. खिरेश्वरची वाट लांब आहे, पाच-सहा तास घेते. तोलार खिंडीपर्यंत झाडी, खिंडीत दगडात कोरलेलं वाघाचं जुनं शिल्प, तिथून पुढे रेलिंग लावलेला कातळ. तेवढा कातळ चढला की लोकांना वाटतं, अवघड संपलं. माझं म्हणणं उलटं आहे. ही वाट अवघड होते ती पठारावर, जिथे दम लागत नाही. एकामागून एक सारख्याच टेकड्या, सारखेच ओढे, कमरेच्या वर गेलेली कारवी. ढग उतरला की चार पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि दगडांवर रंगवलेले बाण तर अजिबात नाही.

त्या दिवशी ढग उतरलेलाच होता. आषाढातला रविवार, अंगातून पाणी निथळत होतं, पुढची पोरं थंडीने कुडकुडत होती. एरवी मी प्रत्येक फाट्यावर स्वतः थांबतो आणि निम्मी माणसं पुढे गेली की दुसऱ्या कुणाला तरी उभं करतो. त्या एका फाट्यावर मी थांबलो नाही. पुढच्यांना लवकर आडोशाला न्यावं, एवढंच डोक्यात होतं. हे मी कुणालाही सांगताना लपवत नाही, कारण चूक तिथेच झाली.

ओढ्यापलीकडे प्लास्टिकच्या कागदाखाली एका मामांची टपरी होती. चहा, लिंबूपाणी, सांगितलं तर पिठलं-भाकरी. मोबाइलला रेंज नव्हतीच. मी त्यांना सांगितलं तसे ते चुलीतलं लाकूड मागे ओढून उठले, पोत्याची खोळ डोक्यावर घेतली आणि म्हणाले, "दादा, ही समदी हितंच बसवा. एकालाबी हलू देऊ नका." सहकाऱ्याला थांबवून आम्ही दोघं मागे फिरलो.

मी शिट्टी वाजवत होतो. मामा मधे मधे कुकारा घालत होते आणि नंतर बराच वेळ गप्प उभे राहत होते. मला तो थांबा सहन होत नव्हता. मी पुन्हा शिट्टी तोंडाला लावली की ते हाताने खाली करायचे. ऐकायचं कधी, असं न बोलता विचारल्यासारखं.

तो फाटा आला तेव्हा ते वाकले. डावीकडे फुटलेली वाट उजवीकडच्या आमच्या वाटेपेक्षा रुंद होती, चांगली मळलेली. चिखलात खुरांचे ठसे आणि त्यांत साचलेलं पाणी. एका ठशाच्या कडेला बुटाच्या तळव्याची नक्षी, अर्धीच. मग त्यांनी कारवीकडे बोट केलं. कमरेपर्यंत झाडं दोन्ही बाजूंना रेटलेली होती, पण वर, डोक्याच्या उंचीला, पानं एकमेकांत मिटलेली.

"ही ढोरवाट. माणसाची असती तर वर मोकळं असतं. माणूस तोंडापुढची फांदी मोडतो, कोयता असंल तर छाटतो. गुराला काय, ते खालनं घुसतं."

ढोरवाट हा शब्द मी शेकडो वेळा वापरला होता. पण ती ओळखायची कशी, हे मला त्या दिवशी कळलं. ती दोघं त्या मिटलेल्या पानांमधून, तोंडावर पाणी झेलत गेली असणार आणि वाट इतकी स्पष्ट म्हणून त्यांना शंकाही आली नसणार.

दहा-बारा मिनिटं चाललो असू. मामांनी कुकारा घातला आणि थांबले. या वेळी उत्तर आलं. बारीक आवाज, मुलीचा.

एका मोठ्या दगडाला टेकून दोघं बसली होती. तिने स्वतःचा नारिंगी रेनकोट काढून कारवीवर पसरला होता आणि वडिलांच्या रेनकोटात ती शिरली होती. दोन्ही हातांनी तिने त्यांच्या सॅकचा पट्टा धरला होता. मला बघूनही सोडला नाही.

"दादा, तुम्ही सकाळी म्हणाला होतात ना, वाट चुकली असं वाटलं की जागचं हलायचं नाही. बाबा म्हणत होते, जरा पुढे बघून येतो. मी जाऊच दिलं नाही."

वडील काही बोलले नाहीत. त्यांनी तिच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला तो परतताना बराच वेळ तसाच होता.

फाट्यावर आलो तेव्हा मुलगी पुढे होती. मामा मला हळूच म्हणाले, "तिथून पुढं गवात खाली वळतं. खिरेश्वराच्या अंगाला कडाच हाये. पावसाळ्यात आम्ही तिकडं गुरंबी सोडत न्हाई."

तारामती शिखराचा बेत मी रद्द केला. देवळाच्या मागून, लेण्यांवरून वर जायला तासभर पुरतो, आणि १४२९ मीटरवर उभं राहायची बऱ्याच जणांची इच्छा होती. दोघा-तिघांनी तसं बोलूनही दाखवलं. मी नाही म्हणालो. केदारेश्वराच्या गुहेत थंड पाण्यातलं ते मोठं शिवलिंग आणि चारांपैकी उरलेला एक खांब बघून आम्ही पाचनईला उतरलो. गाडी कोतूळमार्गे वळसा घालून तिथे आली होती. गाडीत चढताना मी पुन्हा मोजलं.

परत निघण्याआधी मामांनी त्या फाट्यावर तीन दगड आडवे ठेवले होते आणि वर कारवीच्या दोन फांद्या टाकल्या होत्या. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा दगड गडगडून बाजूला पडले होते, गुरांची ये-जा असते तिथे. मी ते उचलून परत लावले. तेव्हापासून दर वेळी लावतो, आणि शेवटचा माणूस पुढे जाईपर्यंत तिथेच उभा राहतो.