तुम्ही विचारलंत म्हणून: अचूक रायफलसाठी बॅरल कशी निवडावी?

अचूक नेमबाजीसाठी आपल्या गरजेप्रमाणे रायफल बांधून घेणारे बहुतेक जण मला विचारतात, "बॅरल कोणत्या कंपनीची घ्यावी?" प्रश्न रास्त आहे, कारण रायफलच्या इतर कोणत्याही भागापेक्षा बॅरलचा नेमावर अधिक परिणाम होतो. तरीही कंपनीचे नाव सांगण्यापूर्वी मी उलट विचारतो की तुम्ही कोणती गोळी, किती अंतरावर आणि सलग किती वेळा झाडणार आहात. याचे उत्तर नक्की झाल्याशिवाय उत्तमातली उत्तम बॅरलसुद्धा चुकीची ठरू शकते.

पहिला निर्णय पिळाचा. बॅरलमधला पीळ गोळीला स्वतःभोवती फिरवतो आणि त्या फिरण्यामुळेच ती हवेत न डगमगता टोक पुढे ठेवून जाते. किती पीळ लागेल हे गोळीच्या वजनापेक्षा तिच्या लांबीवर अधिक अवलंबून असते. वजनाचा उल्लेख आपण करतो तो एकाच व्यासाची जड गोळी बहुधा लांबही असते म्हणून. ब्रिटिश गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी सूत्र मांडले; आजचे नेमबाज डॉन मिलर यांचे सूत्र अधिक वापरतात आणि स्थिरतेचा गुणांक (पीळ गोळीला कितपत पुरतो हे दाखवणारा आकडा) १.५ च्या खाली जाऊ देत नाहीत. .३०८ विंचेस्टर या काडतुसात १६८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे छोटे एकक) गोळीला १२ इंचांत एक फेरा पुरतो, त्याहून लांब गोळ्यांसाठी १० इंचांत एक फेरा घेतात, तर ६.५ मिलिमीटरच्या १४० ग्रेनच्या गोळीसाठी ८ इंचांत एक फेरा हे रूढ माप आहे. दोन मापांत मन अडकले, तर मी घट्ट, म्हणजे कमी इंचांत फेरा पूर्ण करणाऱ्या, पिळाकडे झुकतो. चांगल्या बनावटीच्या गोळीला थोडा जास्तीचा पीळ फारसा बाधत नाही. कमी पडलेला पीळ मात्र लक्ष्यावर गोळी आडवी पाडतो.

पोलादाबद्दल जितकी चर्चा होते तितकी तिची गरज नाही. ४१६ आर हे स्टेनलेस आणि ४१४० सारखे क्रोम-मॉली (क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद) ही दोन्ही उत्तम पोलादे आहेत. स्टेनलेस कापायला आणि घासून गुळगुळीत करायला सोपे जाते, म्हणून स्पर्धेच्या रायफलींमध्ये तेच अधिक दिसते. अतिशीत हवामानात रायफल वापरणाऱ्याने मात्र ४१६ आर निवडण्यापूर्वी निर्मात्याला अवश्य विचारावे.

गोळीला पीळ देणाऱ्या बॅरलमधल्या नागमोडी खाचा कशा पाडल्या आहेत, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. एका पद्धतीत एकच धारदार हत्यार बॅरलमधून पुनःपुन्हा ओढून प्रत्येक खाच थोडी थोडी खोल करत नेतात. ही पद्धत संथ आणि महाग आहे, पण तिच्यामुळे पोलादात नवा ताण जवळजवळ निर्माण होत नाही. दुसऱ्या पद्धतीत कार्बाइडचे बटण आतून दाबून नेतात आणि धातू बाजूला सारून खाचा उमटवतात. यात ताण निर्माण होतो आणि तो उष्णता देऊन नीट काढावाच लागतो. तसा तो काढला नसेल आणि नंतर बॅरल बाहेरून तासून बारीक केली, तर आतला व्यास जागोजागी बदलतो. दोन्ही पद्धतींच्या बॅरलींनी मोठ्या स्पर्धा जिंकल्या आहेत. क्रीगर आणि बार्टलाइन पहिल्या पद्धतीसाठी ओळखले जातात, तर शिलेन आणि लोथर वाल्थर दुसऱ्या. म्हणून पद्धतीच्या नावावर भांडत न बसता, बटणाची बॅरल असेल तर ताण केव्हा काढला आणि बाहेरचा आकार केव्हा दिला, हे विचारावे.

माझ्या मते बॅरलचा खरा दर्जा आतल्या मापाच्या एकसारखेपणात असतो. खाचांचा व्यास नेमका ०.३०८० इंच आहे की ०.३०८२, याने फारसे बिघडत नाही. तो चेंबरपासून (काडतूस बसते त्या मागच्या भागापासून) तोंडापर्यंत तसाच राहतो का, हे पाहायचे असते. नामांकित निर्माते हा फरक इंचाच्या एक-दोन दहा हजारांश भागांत ठेवतात आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या गेजने तो तपासतात. तोंडाकडे व्यास किंचित कमी होत गेला तर हरकत नाही, पण तिथे तो वाढलेला असेल तर ती बॅरल परत करावी. शिशाचा ठोकळा आत ओतून, अपघर्षक लावून हाताने घासलेली बॅरल गोळीवरचे तांबे कमी धरते आणि लवकर स्वच्छ होते. अशा घासण्यात टोके किंचित फाकतात, म्हणून ती नंतर कापून टाकतात.

इतके करूनही निम्मे काम उरते, आणि ते बॅरल बसवणाऱ्या परवानाधारक कारागिराचे असते. चेंबर आतल्या नळीच्या अक्षाशी तंतोतंत जुळवून कापलेले नसेल, तर गोळी पहिल्या क्षणापासूनच तिरकी शिरते. आणि तोंडाशी दिलेला क्राउन (गोळी जिथून बाहेर पडते ती घडवलेली कड) एका बाजूने कमी-जास्त असेल, तर बाहेर पडताना वायू गोळीला एका अंगाने ढकलतो. पैसे मोजकेच असतील, तर दस्ता दिसायला साधा घ्यावा, पण कारागिराच्या मजुरीत काटकसर करू नये.

जाडी आणि लांबी यांचे गणित त्यामानाने सरळ आहे. बॅरलचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो आणि लांबीच्या तिसऱ्या घाताने घटतो, त्यामुळे आखूड व जाड बॅरल कमी थरथरते; शिवाय जाड बॅरल सावकाश तापते. लांबी इंचाने कमी केली, तर मोठ्या काडतुसांत गोळीचा वेग साधारण २० ते ३० फूट प्रति सेकंद घटतो. रायफल पाठीवर घेऊन चालायचे नसेल, तर मी जाड बॅरलच सुचवतो.

शेवटी बॅरल झिजते हेही धरून चालावे. .३०८ विंचेस्टरची बॅरल पाच हजारांहून अधिक वेळा झाडूनही चांगला नेम देऊ शकते; ६.५ क्रीडमूर या काडतुसाची बहुधा दोन ते तीन हजारांत उतरणीला लागते, कारण तापलेला वायू चेंबरच्या पुढचा घसा हळूहळू खाऊन टाकतो. चांगल्या निर्मात्यांकडे मागणी नोंदवल्यावर अनेकदा कित्येक महिने थांबावे लागते, म्हणून नियमित स्पर्धा खेळणाऱ्याने पहिल्या बॅरलसोबतच त्याच मापाची दुसरीही मागवून ठेवावी.