आमची वाटचाल : अलिबागच्या दमट हवेत लाकूड धुणारे आम्ही

अलिबाग तालुक्यात बंगला बांधणारा मुंबईकर डेकवर, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी फळ्यांच्या ओट्यावर, लाखो रुपये घालतो आणि तो धुवायचं काम माळ्यावर सोडतो. ही तक्रार मी धंद्याच्या सुरुवातीपासून करत आलोय, इथेही करणार. माळी बिचारा काय करणार? बादलीत ब्लीचिंग पावडर कालवतो, खराटा घेतो आणि घासत सुटतो. डेक त्या दिवशी पांढरा दिसतो, मालक खूश होतो. पुढच्या गणपतीला तोच डेक आधीपेक्षा काळा झालेला असतो. मग आमचा फोन वाजतो, आणि समोरचा पहिलं वाक्य बोलतो ते म्हणजे "लाकूडच खराब निघालं हो." लाकूड खराब नसतं. सागवान तर नसतंच.

मी मूळचा रंगकामवाला. वडिलांचा रंगाचा ठेका होता, किहीम-आवास-सासवणे पट्ट्यातली बरीच घरं आमच्या हाताखालून गेली. लाकडी कुंपणं आणि गेटं आम्हीही व्हार्निशच मारायचो, तेव्हा सगळेच मारायचे. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा. या हवेत फळी फुगते, आक्रसते, पुन्हा फुगते. वरचा व्हार्निशचा पडदा मात्र उन्हाने ताठरलेला. त्याला चीर गेली की पाणी आत शिरतं आणि पडद्याखाली कोंडून बसतं. दरवर्षी तेच पापुद्रे खरवडायचे आणि तोच डबा पुन्हा फोडायचा, याचा मला वीट आला होता. 2011 साली मी वडिलांना सांगून वेगळा झालो आणि फक्त लाकडाचं काम घ्यायचं ठरवलं. घरचे सोडून कोणालाच ते पटलं नाही. नुसती लाकडं धुऊन कोणाचं पोट भरतं, असं तोंडावर विचारणारे होते.

मला हा धंदा शिकवला तो मिस्त्रींनी. थळच्या बाजूला होड्या बांधणारे. फायबरच्या होड्या आल्या आणि त्यांच्या हातचं काम कमी होत गेलं. एका कुंपणाच्या सडलेल्या खुंट्या बदलायला मी त्यांना बोलावलं. खुंट्या राहिल्या बाजूला, त्यांनी उभ्या फळ्यांवरून तळवा फिरवला, आधी रेषेच्या दिशेने, मग उलटा. उलटा फिरवताना हाताला कुसळं लागली. म्हणाले, "ऊन लाकडातला डिंक खातं, पाऊस तो धुऊन नेतो, मागे राहतो नुसता काथ्या. पोरा, तू या काथ्यावर रंग मारतोस." इतक्या वर्षांत मला याच्यापेक्षा नेमकं कोणी सांगितलेलं नाही. शास्त्रही हेच सांगतं. लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन अतिनील किरणांनी तुटतं, पावसाबरोबर वाहून जातं आणि वर राखाडी तंतू उरतात. त्या सैल तंतूंमध्ये ओल धरते, तिथे काळी बुरशी आणि शेवाळ बसतं. काळेपणा घाणीचा नसतो, तो या थराचा असतो. म्हणून तो नुसता घासून जात नाही आणि जोर लावून काढला तर चांगलं लाकूडही बरोबर निघून येतं.

मिस्त्री त्या दिवसापासून आमच्याबरोबर. कागद झाला नाही, वकील झाला नाही. नफ्यात त्यांचा वाटा ठरला आणि तो आजपर्यंत तसाच आहे. फळीत टोच्या खुपसून ती आतून सडली आहे का हे ते आवाजावरून सांगतात. मी त्यांच्या पाठोपाठ ओलावामापक लावायचो, दोन पिनांचा, लाकडात टोचायचा. मापक घेतला तेव्हा त्यांना आवडलं नव्हतं. पुढे त्यांनीच तो खिशात ठेवायला सुरुवात केली.

आमच्या हत्यारांबद्दल लोक विचारतात, म्हणून लिहितो. मशीन लगेच चालू होत नाही. आधी सोडियम परकार्बोनेट, म्हणजे पाण्यात ऑक्सिजन सोडून मळ उचलणारी पांढरी पावडर, कोमट पाण्यात कालवून, सावलीच्या वेळी, म्हणजे सकाळी नवाच्या आत किंवा चारनंतर. पंधरा-वीस मिनिटं फळी ओली राहिली पाहिजे, वाळली की पुन्हा शिंपडायचं. मग नायलॉनचा ताठ ब्रश, रेषेच्या दिशेने. तारेचा ब्रश आमच्या टेंपोत चढत नाही. त्याचे कण लाकडात अडकतात, सागवानातल्या टॅनिनशी, म्हणजे तुरट द्रव्याशी, लोखंडाचं जमतं आणि आठवड्यात काळे ठिपके उठतात. त्यानंतर पाण्याची धार मारणारा पंप. सागवानाला 800 पीएसआयच्या (पाण्याच्या दाबाचं माप) वर नाही, पाइनला 500, तोंड 40 अंशांचं पसरट, फळीपासून हातभर लांब आणि हात सतत हलता. शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी. परकार्बोनेटने सागवान गडद होतं, ऑक्झॅलिक त्याला परत मधाळ रंगावर आणतं, खिळ्यांचे काळे ओघळ आणि चिऱ्यांच्या फरशीवरून उडालेले तांबडे शिंतोडेही काढतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. कडेची झाडं आधी आणि नंतर भरपूर पाण्याने भिजवायची. एवढं झाल्यावर खरं काम सुरू होतं, ते म्हणजे थांबणं. मापक 15 टक्क्यांच्या खाली येईपर्यंत, व्हार्निशऐवजी आम्ही लावतो त्या तेलाचा डबा उघडायचा नाही. जानेवारीत हे दोन-तीन दिवसांत होतं, मेच्या अखेरीस हवेत ओल भरली की आठवडा जातो. पावसाळ्यात आम्ही शेवाळ काढतो, तेल लावत नाही, कोणी कितीही पैसे देऊ केले तरी.

2013 पासून पुढची काही वर्षं काम वाढत गेलं. टीम झाली, टेंपो झाला, मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत गिऱ्हाईक झालं.

मग 2018 आलं. आमच्याकडे एक मुलगा हंगामभर कामाला होता. हुशार होता, बोलायला गोड. दिवाळीला बोनस घेऊन गेला तो आलाच नाही. महिन्याभरात कळलं की त्याने स्वतःचं सुरू केलंय. स्वतःचं सुरू करायला माझी हरकत नव्हती, मीही वडिलांपासून वेगळाच झालो होतो. पण त्याने गाड्या आणि इमारती धुवायची 3000 पीएसआयची मशीनं आणली, आमच्या निम्म्या दराने "एका दिवसात डेक नवा" अशी जाहिरात केली आणि त्या जाहिरातीत फोटो टाकले ते आमच्या कामाचे. आधीचा आणि नंतरचा. ते फोटो मी काढलेले, माझ्या मोबाइलवर आजही आहेत.

बंगलेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती जाहिरात फिरली. एकामागून एक कामं गेली. एका दिवसात होतंय तर आठवडा कशाला द्या, हे कोणालाही पटण्यासारखं आहे. मी लोकांना समजावायला जायचो तर ते म्हणायचे, तुम्ही दर कमी करा. दर कमी कसा करणार? वाळायला लागणारे दिवस मी कुठून कापू?

इथे आवासच्या बाईंबद्दल लिहिलं पाहिजे. निवृत्त प्राध्यापिका, पार्ल्याहून शनिवारी येणाऱ्या. त्यांचा डेक गिरगावातल्या पाडलेल्या जुन्या चाळीच्या बर्मा सागवानातून केलेला आहे. तुळया चिरून फळ्या काढल्या, जुन्या खिळ्यांची भोकं अजून दिसतात. असं लाकूड आता मिळत नाही. आमचं पहिलं मोठं काम ते, आणि त्यांनी एकही वर्ष चुकवलं नाही. जाहिरातीतला फोटो त्यांच्याच डेकचा होता. बाईंनी पितळी कड्यांवरून आपला झोपाळा ओळखला. त्यांनी मला विचारलंही नाही, सरळ त्या नंबरवर फोन केला आणि "माझ्या घरी तुम्ही कधी आला होतात?" एवढंच विचारलं. फोन कट झाला. मग ग्रुपवर त्यांनी लिहिलं की हा डेक माझा आहे आणि तो कोणी धुतला हे मला माहीत आहे. फोटो उतरला. गेलेली कामं लगेच परत आली नाहीत, पण निदान आम्ही खोटे नाही हे लोकांपर्यंत गेलं.

2020 च्या सुरुवातीला एका रिसॉर्टचं काम मिळालं. पोहण्याच्या तलावाभोवतीचा डेक आणि समुद्राकडचं सगळं कुंपण. त्यासाठी कर्ज काढून दुसरा पंप घेतला. काम पूर्ण झालं, बिल दिलं, अर्धे पैसे आले. मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, सुरू झाली तेव्हा आम्ही आनंदात होतो, आता गिऱ्हाईक वाढणार म्हणून. त्याच महिन्यात टाळेबंदी लागली. बंगले बंद, जेट्टी बंद, रिसॉर्टवाले फोन उचलेनात. हप्ता मात्र चालूच.

आणि 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. आमच्या किनाऱ्यावर ज्यांनी तो दिवस काढला त्यांना सांगायला नको. सुरूची बनं आडवी झाली, पोफळीच्या वाड्या गेल्या, छपरं उडाली, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. आमच्या शेडचे पत्रे शेतात सापडले. नवा पंप भिंतीखाली गेला. मी बायकोला म्हटलं, पुन्हा रंगकाम धरू. हिशेब तीच बघते. तिने वही पुढे केली आणि म्हणाली, "मिस्त्रींचा वाटा दिल्याशिवाय काही बंद करायचं नाही." मी पैसे घेऊन थळला गेलो तर मिस्त्रींनी पाकीट परत माझ्या खिशात घातलं. स्वतःच्या घरावर ताडपत्री होती त्यांच्या.

बाईंच्या कुंपणावर सुरू पडला होता. फोनवर मी नुकसान सांगितलं, त्यांनी माझ्या शेडचं विचारलं. दुसऱ्या दिवशी खात्यात दोन वर्षांच्या देखभालीचे पैसे आगाऊ आले. त्यातून पंप दुरुस्त झाला, पत्रे चढले. हे मी ठिकठिकाणी सांगतो, बाईंना आवडत नाही तरी सांगतो.

रिसॉर्टचं पुढे काय झालं तेही ऐका. वादळानंतर सगळीकडे चिखल आणि पाला. त्यांना दसऱ्याच्या आत उघडायचं होतं. आमचे उरलेले पैसे द्यायच्या ऐवजी त्यांनी काम त्या एका दिवसवाल्याला दिलं. त्याने सरळ धारेचं तोंड लावून डेक मारला. मऊ रेषा खोदल्या गेल्या, कडक रेषा वर राहिल्या, फळीवर अक्षरशः नांगर फिरवल्यासारखं झालं. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यावर वरून ॲसिड ओतलं. याने क्लोरीन वायू निघतो. त्यात पोरांचे डोळे गेले असते, आणि हे कधीही करू नका हे मी हात जोडून सांगतो. मग ओल्या लाकडावरच त्याच संध्याकाळी तेल चढवलं. पाणी आत कोंडलं. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर राहत गेली की कुजवणाऱ्या बुरशीला आयतं आमंत्रण.

2021 च्या फेब्रुवारीत त्यांच्या मॅनेजरचा फोन आला. तलावातून बाहेर येणाऱ्या मुलांच्या पायांत कुसळं जात होती. मी जायला तयार नव्हतो. मिस्त्री म्हणाले, "त्यांच्याशी भांडण आहे, लाकडाशी नाही." गेलो. घासून घ्यायचं तर फळ्या आधीच पातळ झालेल्या. शेवटी मिस्त्रींनी एक फळी उलटी केली. खालची बाजू जवळजवळ नवी होती. मग निम्म्याहून जास्त डेक आम्ही स्क्रू काढून उलटा बसवला, गंजलेले स्क्रू टाकून 316 ग्रेडचं स्टेनलेस वापरलं, दोन फळ्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटरची फट धरली, कापलेल्या टोकांना तेल पाजलं. या कामाचे पैसे आम्ही आधी घेतले. 2020 चे उरलेले आजही आलेले नाहीत. बिलाची प्रत माझ्याकडे आहे.

तो मुलगा आता या धंद्यात नाही. पण त्याने धारेने फाडलेले डेक अजून सापडतात, आणि दर वेळी मालक म्हणतो, "तुम्ही डेकवाले असेच." हे ऐकून मला अजून राग येतो.

सध्या आम्ही दसऱ्यानंतर नोंदणी घेतो आणि मेच्या मध्यावर तेलाची कामं थांबवतो. मिस्त्री रोज येत नाहीत, पण सागवानाचं काम असलं की टोच्या घेऊन हजर असतात. त्यांचा नातू आता टीममध्ये आहे.

जाता जाता, आमचं गिऱ्हाईक असा-नसा, एवढं करा. जवसाचं कच्चं तेल किनाऱ्यावर लावू नका, ते बुरशीचं खाद्य आहे. तेल रंगद्रव्य असलेलंच घ्या, बिनरंगी तेल ऊन अडवत नाही. फटींमधला पाला सुरीने काढत जा. कुंड्या थेट फळीवर ठेवू नका, खाली पाय असलेलं स्टँड द्या. आणि जूनमध्ये डेकवर निळी ताडपत्री अंथरून ठेवायची पद्धत बंद करा. ऑक्टोबरमध्ये ती उचलली की खाली जे निघतं ते आम्हाला दरवर्षी बघावं लागतं. पावसापासून झाकायचंच असेल तर फळ्यांपासून हातभर वर बांधा आणि दोन बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवा. केअरटेकरला हे मेमध्येच समोर उभं राहून दाखवा. गेटवेच्या लाँच बंद झाल्यावर फोनवरून सांगून ते नीट होत नाही.