तिथं वास येत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हळदीकुंकू असो की एसटीतला प्रवास, मी मैलापाण्याच्या प्लांटवर केमिस्ट आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "अगं बाई, वास कसा सहन होतो?"

वास येतो, पण प्लांटवर सगळीकडे एकच वास नसतो. आमचं गाव कृष्णाकाठचं, छोटंसं. गावचं सांडपाणी पहिल्या जाळीपाशी येतं तिथं मलाही नाकाला ओढणी लावावी लागते. जाळीत अडकलेलं बघून जास्त वाईट वाटतं. सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या, एकदा तान्ह्या बाळाचं टोपडं निघालं. पुढे वाळू खाली बसते आणि पाणी हवेच्या टाकीत जातं. तळातून ब्लोअरची हवा सुटत असते, चॉकलेटी पाणी सारखं ढवळत असतं. त्या टाकीच्या काठावर उभं राहून श्वास घ्या. वळवाच्या पावसानंतर रानातून येतो तसा ओल्या मातीचा वास येतो. खरंच सांगते.

तो चॉकलेटी रंग जिवाणूंचा. पाण्यातली घाण हेच त्यांचं अन्न. नदीही स्वतःला अशीच साफ करते, पण तिला त्यासाठी कित्येक मैल वाहावं लागतं. आम्ही हवा भरपूर देतो म्हणून काही तासांत उरकतं. लाइट जाऊन हवा थांबली, की तीच टाकी सडक्या अंड्यासारखी वास मारायला लागते.

रोज सकाळी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात टाकीतलं पाणी भरून 30 मिनिटं तसंच ठेवायचं. गाळ, म्हणजे त्या जिवाणूंचेच पुंजके, अडीचशे-तीनशे मिलिलिटरवर बसला आणि वर नितळ पाणी राहिलं, की माझा जीव भांड्यात पडतो.

दोन वर्षांपूर्वी कुणीतरी रात्रीत गटारात टँकर रिकामा केला. सकाळी टाकीवर पांढरा फेस, नाकाला झोंबणारा वास. आमच्या ऑपरेटर मामांनी काठावर जाऊन फक्त हुंगलं नि म्हणाले, "ताई, जिवाणू गेले." नळकांड्यातला गाळ तासाभरानंतरही बसला नव्हता. शेजारच्या गोठ्यातून शेण आणून कालवून टाकलं, हवा वाढवली, तरी टाकी सावरायला दहा-बारा दिवस गेले. गावचं पाणी काही तेवढे दिवस थांबत नाही. तेव्हा जे अर्धवट साफ झालेलं पाणी नदीत गेलं, ते मला अजून डाचतं.

कारण ही नदी आमच्या एकट्याची नाही. कराडला कोयनेला पोटात घेऊन ती येते, आणि पुढे सांगली तिचंच पाणी पिते. उन्हाळ्यात धार बारीक झाली, की घाण पातळ करायला नदीत पाणीच उरत नाही. 2023 च्या मार्चमध्ये सांगलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडला होता, तो फोटो मी आजही पुसलेला नाही.

पाणी किती साफ झालं हे सांगणारी बीओडी चाचणी करायला नमुना 27 अंशांवर 3 दिवस ठेवावा लागतो. सोमवारच्या पाण्याचा आकडा गुरुवारी हातात येतो, तोवर ते पाणी कधीच पुढे गेलेलं असतं. नाक मात्र तिथल्या तिथं सांगतं. म्हणून मी तोंडाला मास्क लावून टाकीवर जात नाही.

आज सकाळी गेट उघडलं तेव्हा मातीचा वास होता. गाळ 280 वर बसला.